बिनपेठेचा कॅप्टन

"हात लाव," आप्पा म्हणाले.

रंगराव अतिग्रे कॉटवर पडला होता. उजवा पाय मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टरात, खाली दोन उशा. आप्पा म्हणजे त्याचे चुलते, तटाकडच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद. त्यांच्यासमोर देवळाकडच्या पेठेतली तीन वयस्क माणसं टोप्या घालून उभी होती. एकाच्या हातात पितळी ताट, ताटात नवा टॉवेल आणि टॉवेलवर नारळ. त्यांच्या मागे, उंबऱ्याच्या बाहेर, हिंदुराव साळोखे उभा होता. आदल्या दिवशीच्या मॅचमध्ये ह्या हिंदुरावने रंगरावचा पाय मोडला होता.

"हात लाव की रं," आप्पा पुन्हा म्हणाले. "माणसं खोळंबल्यात."

रंगरावने हात लांब केला आणि नारळाला बोटं टेकवली. त्याबरोबर खोलीतली सगळी माणसं सैल झाली. कुणी खाकरलं, कुणी तंबाखूची पिशवी काढली. आप्पांनी टॉवेल उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकला.

"उभा का हिंद्या? आत ये की," रंगराव म्हणाला आणि हसला.

त्या हसण्याचा मला इतका राग आला की हातातला कप मी बशीत आदळला. कुणाचं लक्ष गेलं नाही. माझ्याकडे तसंही कुणाचं लक्ष जात नसे.

हे कोल्हापूर, आणि साल एकोणीसशे एकाहत्तर. पेठांची खरी नावं मी लिहीत नाही. दोन्हीकडे नातवंडं आहेत, त्यांनाही ती नावं अंगावर घ्यायची सवय आहे. मी श्रीपाल मगदूम, हातकणंगल्याकडचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, राहायला आमच्या समाजाच्या बोर्डिंगात. कॉलेजच्या फुटबॉल संघात मी उजवा बॅक होतो आणि त्या वर्षी कॅप्टनही. पोरं मला लायब्ररी म्हणत. मॅच जिंकली की ती सगळी मटणाला जात आणि मी दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून बोर्डिंगाकडे पळत असे. "पळ लायब्ररी, सूर्य बुडला बघ," असं मागून कुणीतरी ओरडायचं. मला ते आवडत असे. खेळात माझं नाव निघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

संघात निम्मी पोरं तटाकडची आणि निम्मी देवळाकडची. ज्यानं कोल्हापूरचा फुटबॉल पाहिला नाही त्याला हे सांगितलं तर खोटं वाटेल, पण ती एकमेकांना पास देत नसत. एकाच रंगाची जर्सी, एकच गोल, आणि तटाकडचा भैरू मोकळ्या उभ्या असलेल्या देवळाकडच्या पोराला ओलांडून दोघांच्या गराड्यातल्या आपल्या पोराकडे बॉल मारायचा. पेठेच्या तालमीचाही फुटबॉल संघ असे. तालीम त्यांना दूध देई, खुराक देई, बूट देई. कॉलेज फक्त जर्सी देई, तीही सीझन संपल्यावर परत घेई. मी घसा कोरडा करून ओरडत असे. कुणी ऐकत नसे. तरी आम्ही एकेक गोलाने जिंकत गेलो, त्याला कारण दोघंच. हिंदुराव लेफ्ट हाफ आणि रंगराव सेंटर फॉरवर्ड. ही दोघं तेवढी पेठ विसरत. हिंदुराव मान खाली घालून बॉल काढायचा आणि वर न बघता पुढे सोडायचा. रंगराव तिथे पोचलेला असायचा. विद्यापीठाच्या फायनलला आम्ही त्या दोघांच्या जिवावर आलो.

फायनल पुढच्या रविवारी होती. पुण्याच्या एका कारखान्याच्या संघाची माणसं ती बघायला येणार होती, आणि मुख्यतः रंगरावला बघायला. खेळ पसंत पडला तर कारखान्यात नोकरी, राहायला खोली. रंगरावचे वडील नव्हते. आई लोकांचे कपडे शिवत असे. त्या रविवारावर त्या घराचं काय काय टांगलेलं होतं हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि त्याच्या आधीच्या रविवारी दोन पेठांच्या तालमींची मॅच झाली. मी पायऱ्यांवर बसून बघत होतो. रंगराव बॉल घेऊन निघाला, समोरून हिंदुराव आला. बॉल तोवर बाजूला गेलेला होता. हिंदुरावने त्याकडे पाहिलंही नाही. तो आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. देवळाकडच्या बाजूला टोप्या उडाल्या.

माणसं नारळ देऊन गेली. आप्पा त्यांना सोडायला चौकापर्यंत गेले. खोलीत रंगराव, मी आणि चुलीपाशी त्याची आई एवढेच राहिलो.

"तुला राग येत नाही?" मी विचारलं.

"कुणाचा?"

"कुणाचा काय विचारतोस? त्याने मुद्दाम मारलं. मी बघितलंय."

"मुद्दामच मारलंय. हळू मारतंय व्हय कोण आमच्यात?" रंगराव छताकडे बघत म्हणाला. "हे बघ लायब्ररी, नारळाला हात लावला, मिटलं. आता त्यावर बोलायचं न्हाई. मी बोललो तर आप्पाचं तोंड खाली. मग दोन्ही पेठंत काठ्या निघतील."

"आणि फायनल? कारखाना?"

"गप बस मर्दा. पुस्तक वाच."

त्याची आई पुढे आली. नारळ तिनं दोन्ही हातांत धरला होता, ओझं धरावं तसा.

"मी ह्याचं काय करू सांग," ती मला म्हणाली. "चटणी वाटू काय? पोराचा पाय देऊन नारळ घेतला आमी. आनि मी काय बोललो तर म्हनत्यात, बाईनं मधी पडायचं न्हाई."

"आई," रंगराव म्हणाला.

"न्हाई बोलत." ती परत चुलीकडे गेली.

मी बाहेर पडलो. बोळाच्या तोंडाशी हिंदुराव सायकल धरून उभा होता. पुढे गेला नव्हता, मागेही येत नव्हता. मी जन्मात कुणाला आडवा गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो.

"चुकून लागला का पाय?"

"न्हाई."

"मग?"

त्याने सायकलची घंटी उगाच अंगठ्याने चाचपली. "कॉलेजात त्याला बॉल देतो मी. पेठंत रोज ऐकतोय त्यावरनं. आमचं दूध पितोस आनि त्यांच्या पोराला गोल चारतोस. मॅचच्या आधी वस्तादानं सगळ्यांदेखत विचारलं, हिंद्या, तू आमचा का त्यांचा?"

"म्हणून मोडलास?"

"मोडायचा नव्हता. दाखवायचं होतं."

"काय दाखवायचं होतं?"

तो एक पाऊल पुढे आला. उंच, रुंद माणूस, मानेवर दाट कुरळे केस. मला वाटलं आता मारतो. पण त्याने सायकलवर टांग टाकली. "तुला पेठ न्हाई लायब्ररी. तुला कळायचं न्हाई. बोर्डिंगात जा."

मी बोर्डिंगात गेलो आणि जेवलो नाही.

बुधवारी इंगवले सरांनी मला जिमखान्यात बोलावलं. ते आमचे खेळाचे सर. त्यांची पेठ कोणती हे विचारावं लागत नसे. सायकलच्या मडगार्डला देवळाकडच्या तालमीच्या रंगाचा पट्टा ओढलेला होता. तरी माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला समोर बसवलं, चहा मागवला.

"रंगरावच्या जागी हिंदुरावला पुढं घेतोय," ते म्हणाले. "दुसरा कोण गोल मारणार?"

"सर, तो खेळू नये असं मला वाटतं."

"का?"

"त्याने आपल्याच सेंटर फॉरवर्डचा पाय मोडला."

"तालमीच्या मॅचला मोडला. कॉलेजच्या नव्हे." सरांनी चहा बशीत ओतला. "आणि नारळ झालाय."

"सर, कॉलेज म्हणून आपण काहीच म्हणायचं नाही? एक शब्दसुद्धा?"

"मगदूम, तुला कॅप्टन का केला ठाऊक आहे?"

मला वाटत होतं ठाऊक आहे. मी सरावाला वेळेवर येतो, शिव्या देत नाही, मधल्या फळीला ओरडून जागेवर ठेवतो. ह्या गोष्टी कुणाच्या तरी लक्षात आल्या असतील, असं मला सबंध वर्ष वाटत होतं. वडिलांना मी तसं पत्रही लिहिलं होतं.

"तटाकडचा केला तर देवळाकडचे खेळत नाहीत, देवळाकडचा केला तर तटाकडचे. तू कुणाचाच नाहीस, म्हणून केला. एवढंच काम आहे तुझं. नाणं उडवायचं आणि हस्तांदोलन करायचं." त्यांनी बशी ओठाला लावली. "त्यात बिघाड करू नको."

ते हे वाईट बुद्धीने म्हणाले नाहीत. म्हणूनच ते मला आजही सहन होत नाही.

रविवारी कपडे बदलायच्या खोलीत सगळी पोरं बाकांवर बसली होती. बुटांची, तेलाची, घामाची उबट हवा. बाहेरून ढोलांचा आवाज येत होता, दोन्ही बाजूंनी वेगवेगळा. मी जे वाक्य बोलणार होतो ते तीन दिवस पाठ केलं होतं. मी वर्गात हजेरी देतानाही अडखळणारा माणूस. तरी उभा राहिलो.

"हिंदुराव आज खेळणार नाही," मी म्हणालो.



"काय बोलायलाईस?" हिंदुरावच्या शेजारच्या पोराने विचारलं.

"मी कॅप्टन आहे. ज्याने आपल्या माणसाचा पाय मोडला, तो त्याच्याच जागेवर खेळायला उतरणार नाही. मी उतरू देणार नाही." आवाज फाटला, पण वाक्य पूर्ण झालं.

हिंदुराव मान खाली घालून बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिला. त्याच्या पेठेतली पोरं एकामागून एक उठली आणि जर्स्या काढायला लागली. त्याची मी तयारी केली होती. ती गेली तर गेली. तटाकडची सहा, मी सातवा. सातांवर मॅच खेळता येते, हे मी नियमांच्या पुस्तकात दोनदा वाचून घेतलं होतं. दहा गोलांनी हरू. पण रंगरावच्या पायाबद्दल ह्या गावात एका माणसाने तरी तोंड उघडलं, एवढं होईल.

मग भैरू उठला. भैरू अतिग्रे, रंगरावचा सख्खा चुलतभाऊ, आप्पांचा मुलगा. त्याने माझ्यासमोर येऊन जर्सी डोक्यातून काढली आणि माझ्या पायांवर टाकली.

"आमच्या आप्पानं नारळ घेतलाय," तो म्हणाला. "तू कोण मोडणार त्यांचा शब्द?"

"भैरू, रंगराव तुझा भाऊ आहे."

"म्हणूनच सांगतोय. भाऊ माझा हाय. तुझा कोण लागतोय?"

त्याच्या मागून तटाकडची सगळी उठली. बारा-तेरा पोरं उघड्या अंगाने माझ्याभोवती उभी होती आणि मला एकदम दिसलं की ती खांद्याला खांदा लावून उभी आहेत. तटाकडचा, देवळाकडचा, पुन्हा तटाकडचा. वर्षभर मी हे करायला बघत होतो.

"आला मोठा न्याय करायला."

"सूर्य बुडला रं लायब्ररी, जेवाय जा."

त्यावर ती हसली. दोन्ही पेठा मिळून.

इंगवले सर दारातून म्हणाले, "मगदूम, जर्सी काढ."

मी काढली. दंडावरची पट्टीही काढली आणि बाकावर ठेवली. सरांनी ती उचलून भैरूच्या हातात दिली. भैरूने ती हिंदुरावच्या दंडाला बांधली. हिंदुरावने हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही. मी खुंटीवरचा सदरा घातला तो गुंड्या चुकवून, आणि बाहेर जाऊन पायऱ्यांच्या सगळ्यात खालच्या ओळीत, फाटकाजवळ बसलो.

"काय कॅप्टन, तिकीट काढून आलास व्हय?" वरून कुणीतरी विचारलं.

मॅच सुरू झाली. समोर सोलापूरचा संघ होता, आमच्यापेक्षा तगडा. पहिल्याच मिनिटाला भैरूकडे बॉल आला आणि त्याने तो हिंदुरावला दिला. सरळ, पायात. मी उभाच राहिलो. हिंदुरावने तो परत भैरूला दिला, भैरूने देवळाकडच्या पोराला, त्याने तटाकडच्या. पायऱ्यांवर आधी शांतता पसरली. दोन्ही पेठांच्या माणसांना आपापल्या पोरांसाठी ओरडायची आणि बाकीच्यांना शिट्ट्या मारायची सवय. आज कुठे ओरडायचं आणि कुठे शिट्टी मारायची, हेच त्यांना कळेना. मग एका बाजूने आरोळी उठली, दुसऱ्या बाजूने तिला आरोळी मिळाली.

इतका सुंदर खेळ मी त्या संघाकडून कधी पाहिला नव्हता. सांगताना अजून माझे दात एकमेकांवर येतात. हे त्यांना येत होतं. सबंध सीझन येत होतं. मी हात जोडून मागितलं तेव्हा दिलं नाही, रंगराव धावत होता तेव्हा दिलं नाही. मला बाहेर काढायचं म्हटल्यावर दिलं.

आम्ही, म्हणजे ते, तीन गोलांनी जिंकले. दोन हिंदुरावने मारले. कारखान्याची माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसली होती आणि मॅच संपल्यावर त्यांनी त्याला बोलावून घेतलं. ती नोकरी त्याला मिळाली आणि ती त्याने घेतली, हेही सांगून टाकतो. रंगरावचा पाय वाकडा जुळला. त्याने पुढे आईच्या मशिनीवर शिवण शिकून घेतलं आणि पेठेतल्या पोरांच्या जर्स्या शिवल्या. मी मास्तर झालो, दुसऱ्या गावी गेलो. त्या संघाचा फोटो कॉलेजात लावला आहे म्हणतात. तो बघायला मी गेलो नाही.

मध्यंतरात तटाकडच्या पोरांनी रंगरावला हातगाडीवर गादी टाकून मैदानात आणलं होतं. मॅच संपल्याची शिट्टी वाजली तशी सगळी त्याच्याकडे धावली. गुलालाची पोती फुटली. हवा तांबडी झाली, पोरं खोकायला लागली. कुणी त्याच्या प्लास्टरवर गुलाल चोळत होतं, कुणी तोंडात पेढा कोंबत होतं. आप्पा टोपी उडवत होते. गर्दीतून हिंदुराव वाट काढत हातगाडीपाशी आला. तो काही बोलला का ते मला ऐकू आलं नाही. त्याने पाठ केली, खाली बसला, आणि दोघा-चौघांनी रंगरावला उचलून त्याच्या खांद्यांवर बसवलं. प्लास्टरचा पाय सरळ पुढे राहिला, तो भैरूने खालून तोलून धरला.

काय आरोळी उठली! माझ्या मागचा एक म्हातारा रडायला लागला. "ह्याला म्हनत्यात खेळ," तो शेजारच्याला म्हणत होता. "बघ की, ज्यानं मोडला त्योच उचलतोय. हाय का दुसरीकडं कुठं?"

मी रागाने आंधळा झालो होतो, तरी बघत होतो. मिरवणूक फाटकाकडे वळली आणि माझ्यासमोरून, हाताच्या अंतरावरून जायला लागली. रंगराव वर बसून हसत होता. गुलालाने माखलेलं तोंड, त्यात दात. लोक त्याच्याकडे हात वर करत होते. तो हात वर करत नव्हता. त्याचे दोन्ही हात हिंदुरावच्या डोक्यावर होते. तोल सांभाळायला धरलं असेल असं कुणालाही वाटलं असतं.

मला मुठी दिसल्या. हिंदुरावचे केस त्याने दोन्ही मुठींत मुळापासून धरले होते आणि तो ते ओढत होता. तोल सांभाळायला असं कुणी ओढत नाही. बोटांची पेरं गुलालातूनही पांढरी दिसत होती, मनगटाच्या शिरा फुगल्या होत्या. हिंदुरावची मान मागे खेचली गेली होती. डोळ्यांतून पाणी येऊन गालांवरच्या गुलालात दोन रेघा पडल्या होत्या. कपाळावरचं कातडं वर ताणलेलं. तो सावकाश, एकेक पाऊल टाकत चालला होता.

"हिंद्या, दे की माझ्याकडं," भैरू म्हणाला. "दोन गोल मारून वर हे ओझं. दमलायस."

"न्हाई."

"अरं, पेठ लांब हाय."

"असू दे." हिंदुरावला मान हलवता येत नव्हती. तो समोर बघतच बोलला. "बसू दे त्याला. त्याला पायजे तेवढं बसू दे."

ते रंगरावला ऐकू गेलं. वरचं हसू तसंच राहिलं, आणि त्याने मुठींना आणखी एक पीळ दिला.